विसाव्या चित्रात काय नाही

कोपनहेगनहून चाचणी आली ती बोटीनं, बुधवारी,
तीन दिवस उशिरा. खोक्याला खारट ओल लागलेली.
आत चाळीस प्रश्न, उत्तरसूची, आणि प्रमाणकांचा तक्ता,
सपाट देशातल्या चार हजार मुलांच्या मापाचा.
आमच्या फेरो बेटांच्या पार उत्तर टोकाला
माझ्या शाळेत मुलं तेवीस.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची. नुकती शिकून आलेली
की सरासरी म्हणजे असा बिंदू
जिथं फळीखाली बोट ठेवलं
तर दोन्हीकडचं ओझं तोलतं,
आणि प्रमाण विचलन म्हणजे
मुलं त्या बिंदूपासून साधारण
किती लांब जाऊन खेळतात.
परीक्षेत असं लिहिलं नव्हतं मी. तिथं सूत्र लिहिलं.

रात्री कंदील, आलेख कागद, मांडीवर अर्धा विणलेला स्वेटर.
वरचे आठ एका ढिगात, खालचे आठ दुसऱ्या.
मधल्या सातांना या हिशेबात कोणी विचारत नाही.
एकेका प्रश्नाला विचारायचं:
तू हुशाराला ओळखतोस का रे?
बहुतेक प्रश्न ओळखत होते.
घोडं अडलं विसाव्यापाशी.
वरच्या आठांत बरोबर एक, खालच्या आठांत पाच.
भेदन निर्देशांक उणे अर्धा.
मी पुन्हा मोजलं. उणे अर्धाच.

प्रश्न असा: चित्रात काय नाही ते लिहा.
चित्रात रस्ता, दुतर्फा झाडं, घोडागाडी,
गाडीला मागचं एक चाक नाही.
उत्तर: चाक.
ज्यांना वाचताना ठेच लागते, त्यांनी सरळ गाडी पाहिली.
बाकीच्यांनी अख्खं चित्र पाहिलं
आणि लिहिलं: समुद्र.
सातही जणांनी, वेगवेगळ्या बाकांवर बसून.
रान्व्हानं तर लिहिलं, समुद्र, आणि झाडं इतकी का?

तीन आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा.
विश्वासार्हता अशीच काढतात:
तोच दोर दोनदा ओढून बघायचा.
त्या सकाळी वारा वायव्येचा होता
आणि आदल्या रात्रीची एक बोट परतली नव्हती.
मी परीक्षा पुढं ढकलायला हवी होती.
वेळापत्रक छापलेलं होतं.

हॉग्नीला आधी एकतीस गुण होते.
या वेळी बारा.
पहिले बारा प्रश्न, बाराही बरोबर,
मग पेन्सिल थांबलेली.
त्याचा बाक खिडकीपाशी.

बोट दुसऱ्या दिवशी दुपारी आली. चौघंही उतरले.
हॉग्नीच्या बापानं धक्क्यावरच बूट काढून पाणी ओतलं
आणि पोराला विचारलं, शाळा नाही का आज?

त्याला धरून सहसंबंध शून्य दशांश एकसष्ट.
त्याला वगळून अठ्ठ्याऐंशी.
निरीक्षक ल्युंगबींचं पत्र आलं, सुबक टंकलिखित:
असाधारण परिस्थिती, सदर विद्यार्थी वगळावा.
पुस्तकही त्यांच्याच बाजूनं.
खरा गुण म्हणजे, पुस्तक म्हणतं,
मुलाला तीच चाचणी अगणित वेळा दिली,
मधल्या काळात तो काही शिकला नाही, काही विसरला नाही,
त्याच्या घरात काही घडलं नाही,
तर जी सरासरी निघेल ती.
चुका एकमेकींना खाऊन टाकतात, उरतो तो मुलगा.
तसा मुलगा मला चाळीस वर्षांत भेटला नाही.

मी दोन्ही आकडे पाठवले. एकसष्ट वर,
अठ्ठ्याऐंशी तळटीपेत, बारीक अक्षरात,
आणि वाऱ्याची दिशा.
उत्तर आलं नाही.

एक गोष्ट अहवालात लिहिली नाही.
तेराव्यापासून कागद कोरा होता हे खरं,
पण मधेच एका जागी, विसाव्यापुढं,
एक शब्द होता, पेन्सिल दाबून लिहिलेला,
पाठीमागं उमटलेला.
चित्रात काय नाही?
बोट.

मी शून्य दिला.
सूचीत चाक होतं.